करमणूक आणि समाजाचे मन



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, तेव्हा कोणता विषय घ्यावा याचा आम्ही बराच विचार केला. महोत्सव म्हटला की मागील वर्षांचा हिशेब आलाच. किती बाप्तिस्मे झाले, किती विवाह लागले, किती मुले शिकून मोठी झाली, हे सर्व नोंदवह्यांत लिहिलेले असते. परंतु एक हिशेब कोणत्याही वहीत सापडत नाही. या वर्षांत आपल्या घरांत, अंगणांत, पाड्यांवर आणि बाजारांत आपण काय ऐकले, काय पाहिले, कशास हसलो व कशास भ्यालो, याची नोंद कोणी ठेविली आहे? आमची तर अशी समजूत आहे की, समाजाचे मन घडविण्यात प्रवचनाइतकाच, किंबहुना त्याहूनही मोठा, वाटा या पाहण्या-ऐकण्याचा असतो. धर्मगुरू रविवारी अर्धा तास बोलतो. हातातील मोबाईल सातही दिवस बोलत असतो. म्हणून करमणूक आणि समाजाचे मन हाच विषय आम्ही आज आपणांपुढे ठेवीत आहो.

यावर कोणी म्हणेल, "फादर, करमणूक ती करमणूक. दिवसभर शेतात राबलेल्या माणसाने घटकाभर हसावे, गाणे ऐकावे, चित्र पाहावे, यात समाज घडण्या-बिघडण्याचा प्रश्न कोठून आला?" हा आक्षेप ऐकण्यास सोपा आहे, परंतु इतिहासाची साक्ष त्याच्या विरुद्ध पडते. तीनच दाखले देतो.

महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत लिहून ठेविले आहे की, बालपणी त्यांनी एका नाटक मंडळीचा हरिश्चंद्राचा खेळ पाहिला आणि त्या खेळाने त्यांचे मन असे काही धरून ठेविले की, सर्वच माणसे हरिश्चंद्रासारखी सत्यवादी का होऊ नयेत, हा प्रश्न त्यांचा पाठलाग करू लागला. नाटक मंडळीला तिकिटाचे पैसे मिळाले असतील. देशाला काय मिळाले ते आपण जाणताच.

दुसरा दाखला आपल्या नाशिक प्रांताचा. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१० च्या सुमारास मुंबईत एक मूकपट पाहिला. तो होता प्रभू येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा. तो पडद्यावर चालू असता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले व आपल्या देशाच्या कथा आपणही अशाच दाखविल्या पाहिजेत, असा ध्यास त्यांनी घेतला. ३ मे १९१३ रोजी मुंबईत त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला आणि हिंदी चित्रपटसृष्टीचा पाया घातला गेला. एका चित्राने एक मनुष्य पेटला, आणि त्या एका माणसाने कोट्यवधींची करमणूक बदलून टाकली.

तिसरा दाखला आपल्या स्वतःच्या घरचा. इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. तेथील साष्टी भागातील नव्या ख्रिस्ती लोकांस धर्माचे शिक्षण मिळत होते, प्रार्थना पाठ होत होत्या; परंतु पिढ्यान् पिढ्या ऐकलेली पुराणे आता ऐकावयास मिळेनात, ही उणीव त्यांना बोचत होती. फादर स्टीफन्स यांनी ती ओळखली. गोड कथेची भूक ही पापाची भूक नव्हे, हे त्यांस उमगले. त्यांनी मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले व ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. जुनी कथा काढून घेऊन त्या जागी मोकळे मैदान ठेविले, तर ते मैदान कोण भरील याचा नेम नसतो, एवढे शहाणपण त्या परदेशी माणसास चारशे वर्षांपूर्वी होते.

आता गोव्याहून आपल्या सातपुड्यात येऊ. आपल्या लोकांस करमणूक काही मोबाईलबरोबर मिळालेली नाही. अक्कलकुवा तालुक्यातील काठी गावची राजवाडी होळी आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. रात्रभर ढोल वाजतो, पावरी वाजते, फेर धरले जातात आणि पहाटे होळी पेटते. डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप, कमरेला घुंगरू व वाळलेले भोपळे बांधून नाचणारे बावा आणि बुध्या पाहून परगावचा मनुष्य म्हणतो, "काय मौज आहे!" परंतु ती मौज करणाऱ्यांनी कित्येक दिवस व्रत पाळलेले असते. ते खाटेवर निजत नाहीत, संयमाने राहतात आणि मगच नाचतात. आपण उपवासकाळ पाळतो त्यास हे परके वाटू नये. येथे करमणूक फुकट मिळत नाही. ती नाचणाऱ्याकडून आधी काही मागते. शिवाय ती एकट्याने कोपऱ्यात बसून करावयाची नसते. जो नाचतो त्यास सर्व पाहतात, जो बोलतो त्याचे गाव सर्वांस ठाऊक असते.

याच डोंगरांच्या परिसरात १९२२ साली एक विलक्षण गोष्ट घडली. पालघरच्या किनाऱ्याकडील मच्छीमारांतून एका देवीची वार्ता निघाली. बागलाण, सुरगाणा, डांग, सोनगड अशी गावोगाव पसरत ती सुरत जिल्ह्यापर्यंत पोहोचली. वर्तमानपत्र तेथे कोणी वाचीत नव्हते आणि रेडिओ तर देशात यावयाचाच होता. मांडवात लोक जमत, काहींच्या अंगात देवी येई आणि त्यांच्या तोंडून आज्ञा होई: दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, घरदार स्वच्छ ठेवा. हजारो आदिवासींनी दारू सोडली आणि गुत्ते ओस पडले. त्या चळवळीत कठोरपणाही होता, कारण दारू विकणाऱ्या पारशांवर बहिष्कार पडला. तसेच पुष्कळांचे व्रत पुढे टिकलेही नाही. परंतु कित्येक पिढ्यांच्या कर्जाचे मूळ असलेल्या दारूस गावेच्या गावे एका आवाजात नकार देतात, हे दृश्य त्या लोकांनी स्वतःच उभे केले. पुढे १९३० नंतरच्या दशकात तळोदे तालुक्यात गुलाम महाराजांनी दारूबंदीचा व स्वच्छतेचा उपदेश केला आणि एकमेकांस मानाने 'आप' म्हणावे असे शिकविले. आरतीच्या निमित्ताने जमलेल्या समुदायात तोंडोतोंडी तो उपदेश पसरला.

आमची श्रद्धा वेगळी आहे, हे सांगावयास नको. परंतु शब्द कसा पसरतो आणि पसरून काय करतो, एवढ्यापुरते हे दाखले आपणांस फार मोलाचे आहेत. ते ध्यानात ठेवून पुढची गोष्ट ऐका.

आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. बरोबर वीस वर्षांनी, १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, शेजारच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातून आलेले, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच जण तेथे भिक्षा मागावयास उतरले. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा कित्येक दिवस मोबाईलवरून त्या भागात पसरत होती. हेच ते, असा संशय घेऊन जमाव त्यांच्यावर तुटून पडला. त्यांस ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले, तरी तेथेही मारणे थांबले नाही. पाचही जण मेले. मुले पळविण्याशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. फेब्रुवारी २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांस जन्मठेप सांगितली. पाच घरांत रडारड झाली ती पहिली. मारणाऱ्यांच्या घरांत झाली ती दुसरी. आणि ज्या कोणी अफवा प्रथम लिहिली, त्याच्या घरी कदाचित त्या रात्री सुखाने जेवण झाले असेल.

बंधुभगिनींनो, १९२२ ची वार्ता आणि २०१८ ची वार्ता यांत शहाण्णव वर्षांचे अंतर आहे, परंतु डोंगर जवळपास तेच आणि माणसेही तशीच भोळी व मुलांवर जीव टाकणारी. मग एका वार्तेने दारू सुटली आणि दुसरीने माणसे मेली, असे का व्हावे? यंत्र आले म्हणून, हे उत्तर पुरे पडत नाही. आम्हांस जे कारण दिसते ते असे. पहिली वार्ता ऐकणाऱ्यास म्हणत होती, "तू सुधार." दुसरी ऐकणाऱ्यास म्हणत होती, "त्या परक्यास भी." पहिली ऐकणाऱ्याकडून काही मागत होती. दुसरी त्याच्याकडून काहीही मागत नव्हती, फक्त बोट दाखवीत होती. आणि पहिली चारचौघांत, सांगणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून ऐकली जाई; दुसरी ज्याच्या त्याच्या खिशात एकेकट्याने पाहिली गेली, तिला ना गाव होते ना नाव.

त्याच वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एकीची हकीकत तर प्रत्येक आईबापाने ऐकावी अशी आहे. दोघे दुचाकीस्वार गल्लीत खेळणाऱ्या मुलास उचलून पळवून नेतात, असे तीत दिसे. ती मुळात पाकिस्तानातील कराची शहरात केलेली, मुलांस जपा असे आईबापांस सांगणारी चित्रफीत होती. मूळ चित्रात ते दुचाकीस्वार लगेच मागे फिरतात, मुलास सुखरूप खाली ठेवितात आणि मूल पळविण्यास क्षण पुरतो, सावध राहा, असा फलक दाखवितात. कोणीतरी हा शेवट कापून टाकला! जी कथा आईबापांस "आपल्या मुलाकडे लक्ष दे" असे सांगत होती, ती शेवट कापताच "परक्या माणसास ठार कर" असे सांगू लागली.

येथे जुन्या करारातील नाथान संदेष्ट्याची आठवण होते. दावीद राजाने उरियाच्या पत्नीचे हरण केले व उरियास युद्धात मरावयास पाठविले. नाथान त्याच्याकडे गेला आणि त्याने एक गोष्ट सांगितली: एका श्रीमंताने आपली शेकडो मेंढरे सोडून गरिबाचे एकुलते एक, लेकराप्रमाणे वाढविलेले कोकरू कापले. राजा संतापला, त्या श्रीमंतास मृत्युदंड द्यावयास निघाला. तेव्हा नाथानाने गोष्टीचे शेवटचे वाक्य उच्चारले: तो मनुष्य दुसरा कोणी नसून तूच आहेस. राजाने आपले पाप कबूल केले. हे शेवटचे वाक्य कोणी कापले असते, तर? संतप्त राजाने कोण्या निरपराध श्रीमंतास पकडून मारले असते आणि वर न्याय केला म्हणून समाधानाने निजला असता. प्रभू येशूचे दाखलेही असेच आहेत. दयाळू शोमरोन्याची कथा सांगून प्रभू थांबत नाही. ऐकणाऱ्यास प्रश्न विचारतो आणि तूही तसेच कर म्हणून घरी पाठवितो. चांगली कथा शेवटी ऐकणाऱ्याकडे वळते. वाईट कथा शेवटपर्यंत दुसऱ्याकडेच पाहत राहते.

कोणी म्हणेल, "ही तर अफवेची गोष्ट झाली, आम्ही विनोद पाहतो, गाणी पाहतो, त्यात काय आहे?" त्यांस आम्ही आफ्रिकेतील रवांडा देशाचे उदाहरण सांगू. तेथे बहुसंख्य लोक ख्रिस्ती, त्यांत कॅथलिक सर्वांत अधिक. १९९३ च्या जुलै महिन्यात तेथे एक नवे रेडिओ केंद्र सुरू झाले. नवी गाणी, बाजारात बोलावी तशी बोली, चुटके, थट्टामस्करी यांमुळे ते तरुणांचे फार आवडते झाले. हळूहळू ती थट्टा तुत्सी जमातीची होऊ लागली. त्यांस झुरळे म्हणण्यात येऊ लागले आणि लोक हसू लागले. एप्रिल १९९४ पासून सुमारे शंभर दिवसांत अदमासे आठ लाख माणसे मारली गेली. आश्रयासाठी देवळांत शिरलेल्यांसही सोडले नाही. तेच केंद्र मारेकऱ्यांस चिथावणी देत होते. डिसेंबर २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्या केंद्राच्या दोघा संस्थापकांस दोषी ठरविले. एकाएकी कोणी शेजाऱ्यास झुरळ समजत नाही. आधी त्याच्यावर हसावयास शिकविले जाते. म्हणून मोबाईलवर एखाद्या जातीची, एखाद्या बोलीची, काळ्या रंगाची अथवा आपल्याच डोंगरातील माणसाची टवाळी करणारे चित्र आले आणि हसू फुटले, तर क्षणभर थांबून आपण कोणत्या शाळेत बसलो आहो, हे स्वतःस विचारावे.

ख्रिस्तसभेने या साधनांचा कधी तिरस्कार केला नाही. १९३१ साली स्वतः मार्कोनीने उभारलेले रेडिओ केंद्र व्हॅटिकनमध्ये सुरू झाले. २९ जून १९३६ रोजी पोप अकरावे पायस यांनी चित्रपटांविषयी विश्वपत्र काढून त्यांच्या शक्तीची आणि धोक्याची जाणीव दिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कसाधनांवर स्वतंत्र आदेश प्रसिद्ध करून ती मानवजातीस मिळालेली देणगी मानली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी तर १३ मे २०१८ रोजी पाळल्या गेलेल्या जागतिक संपर्क दिनासाठी खोट्या बातम्या हाच विषय घेतला होता आणि एदेन बागेतील सर्पाचे कपट हे त्यांचे मूळ म्हणून दाखविले होते. त्या दिवसानंतर सातव्या आठवड्यात राईनपाडा घडले. उपदेश रोमहून निघाला होता. डोंगरापर्यंत तो पोहोचविण्याचे काम आपणा सर्वांचे होते आणि आहे.

मग करावे काय? मोबाईल विहिरीत टाकावा, असे आम्ही म्हणणार नाही. ज्यावर मुले धडे पाहतात, ज्यावरून परगावी गेलेल्या लेकाचा आवाज आईस ऐकू येतो, ते साधन टाकण्याजोगे नाही. त्या घटनेनंतर जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविता येऊ नये अशी मर्यादा घातली. यंत्राला अशी वेसण घालता येते; जिभेला व बोटाला वेसण ज्याची त्यानेच घालावयाची असते. देवाची आठवी आज्ञा खोट्या साक्षीविषयी आहे. न पाहिलेली गोष्ट पाहिल्यासारखी पुढे धाडणे ही खोटी साक्षच होय, मग ती तोंडाने दिली काय आणि अंगठ्याने दिली काय.

म्हणून प्रत्येक घराने तीन प्रश्न पाठ करावे. हे कोणी पाहिले, त्याचे नाव-गाव काय? याचा शेवट कोणी कापला तर नाही? आणि हे मजकडून काही चांगले मागते, की केवळ दुसऱ्याकडे बोट दाखविते? तिन्ही प्रश्नांस उत्तर मिळाले नाही, तर तो निरोप तेथेच मरू द्यावा. दुसरे असे की, करमणूक पुन्हा अंगणात आणावी. आपल्या मुलांस ढोल धरता येतो काय, आजीच्या तोंडची एक तरी गोष्ट त्यांस येते काय, हे पाहावे. नाताळात भाड्याच्या डीजेवर होणारा खर्च थोडा कमी करून आपल्याच बोलीतील गाणी, आपल्याच मुलांचे नाट्यप्रवेश बसवावे. फादर स्टीफन्स यांचा धडा आपण विसरू नये: नुसती मनाई करून भागत नाही, त्या जागी चांगले काही द्यावे लागते.

आणि तिसरी गोष्ट, जी या सर्वांत आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. आपल्या बाजारात परका मनुष्य दिसला आणि कुजबुज सुरू झाली, तर आपणांपैकी एकाने तरी पुढे होऊन त्यास पाणी द्यावे, त्याचे नाव विचारावे आणि पोलीस पाटलास बोलवावे. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी हजारो बंधुभगिनी पोटासाठी, ऊस तोडण्यासाठी लेकराबाळांसह गुजरातेत जातात. तेथील गावांत ते परके असतात, त्यांची बोली कोणास कळत नाही, कडेवर मूल असते. तेथल्या लोकांच्या मोबाईलवर कोणता निरोप फिरत असेल, हे आपणांस ठाऊक नाही. आपल्या माणसास तेथे जी वागणूक मिळावी असे वाटते, तीच येथे आलेल्या परक्यास आपण दिली पाहिजे.

महाराष्ट्रातील कॅथलिकांत १९०३ सालापासून 'निरोप्या' नावाचे मासिक चालत आले आहे. फादर हेन्री डोरिंग यांनी ते सुरू केले. नाव किती नेमके ठेविले! निरोप्या म्हणजे निरोप नेणारा. पूर्वी गावात निरोप्या आला की लोक त्यास विचारीत, "कोणाकडून आलास?" आणि त्यास उत्तर द्यावे लागे. आज ज्याच्या हाती मोबाईल आहे तो प्रत्येक जण निरोप्या झाला आहे. महोत्सवानंतर आपण घरोघर जाल, तेव्हा हाच एक प्रश्न बरोबर न्यावा. आपल्या हातून जाणारा निरोप कोणाकडून आला आहे आणि तो ज्याच्या दारी पोहोचेल त्याचे बरे करील की वाईट, याचा जाब एक दिवस प्रभूपुढे आपणांसच द्यावयाचा आहे. तो देताना आपली मान खाली जाऊ नये, एवढा आशीर्वाद दयाघन परमेश्वर आपणां सर्वांस देवो. आमेन.